टेकडीखालचं मुलींचं घर

दिग्रसकडून पुसदला येताना मोटार घाट उतरते. शेवटच्या वळणावर डोंगर बाजूला सरतो आणि खाली गाव दिसतं. चहूकडून टेकड्या, मधून पूस नदी, आणि नदीपासून टेकड्यांच्या पायथ्याकडे पसरत चाललेली घरं. मी लहान असताना मोटार त्या वळणावर आली की बाबा खिडकीतून हात बाहेर काढायचे. "थे पाह्य, पांढरं दिसते थे. त्याचं जोतं माह्या हातचं हाय." बाबा गवंडी होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. गाव इतक्या झपाट्यानं वाढत होतं की दर खेपेला त्यांच्याजवळ दाखवायला काहीतरी नवं असायचंच. हे अख्खं गाव माझ्या बाबांनीच बांधलं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आम्ही मूळचे तिथले नव्हे. दिग्रसजवळच्या एका खेड्यात आमची वस्ती होती. छप्पन सालच्या दसऱ्याला आई-बाबा वस्तीतल्या मंडळींबरोबर नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्यावर वस्तीनं मेलेली जनावरं ओढायचं काम बंद केलं. मग गावानं आमची मजुरी बंद केली. दुकानात मीठसुद्धा मिळेना. बाबांनी थोडे दिवस पाहिलं आणि एका सकाळी आईला म्हणाले, "पुसदात लोकं घरं बांधून राह्यले. बांधणाऱ्याले जात कोण इचारते?"

विचारत होतेच, पण कमी विचारत होते. बाबा आधी घमेली उचलायला लागले, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली चुना थापायची करणी धरायला शिकले, आणि वर्ष-दीड वर्षात स्वतः मिस्त्री झाले. गावाला रेल्वे नव्हती. यवतमाळचे लोक त्यावरून टोमणे मारत. पण आमच्याकडे मोटारी होत्या, कापसाच्या गाड्या होत्या, हायस्कूल होतं, आणि उमरखेड, महागाव, दिग्रसच्या बाजूनं रोज नवं माणूस ट्रंक घेऊन उतरत होतं. प्रत्येकाला घर हवं होतं. आमचं स्वतःचं घर मात्र गावाच्या टोकाला, टेकडीच्या अगदी पायथ्याशी होतं. दगडमातीच्या दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, आणि मागच्या भिंतीपासून लगेच सीताफळांचं रान सुरू.

बाबांच्या कामावर टेकडीवरचा दगड बैलगाडीनं आणून टाकणारे एक गृहस्थ होते. डोंगरापलीकडच्या बंजारा तांड्यावर राहत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर नेलं होतं. आता तांड्याजवळ त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, आणि उन्हाळ्यात ही गाडी. मी त्यांना मामा म्हणायची.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात मी बाबांची भाकर घेऊन कामावर गेले, तेव्हा मामा दगडाच्या ढिगावर मान खाली घालून बसले होते. त्यांच्या मुलीनं सातवी पास केली होती. गुरुजी म्हणाले होते, हिला हायस्कुलात घाला. मामा चार दिवस गावात खोली शोधत फिरत होते.

"एका घरी म्हणते, लमाणाची पोरगी घरात नाई ठेवत," मामा बाबांना सांगत होते. "दुसऱ्या घरी म्हणते, ठेवतो, पण धुणंभांडी कराले पाह्यजे. मिस्त्री, मी पोरगी शाळेत धाडून राह्यलो का धुण्याले?"

बाबांनी भाकर मोडली, अर्धी मामांपुढे धरली. मामांनी हात जोडले आणि आपली फडक्यातली भाकर सोडली. आमच्या हातचं ते खात नसत. बाबांना ते माहीत होतं, तरी रोज ते अर्धी भाकर पुढे धरत.

घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं. आई ज्वारी पाखडत होती.

"आपल्याइथं राह्यली त काय होते?" ती म्हणाली.

"त्याइले चालन का?"

"त्याइले इचारा. मले कायले इचारता? मले चालते."

जून महिन्यात मामा मुलीला घेऊन आले. तिच्या हातावर गोंदण होतं आणि केस घट्ट बांधलेले. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणू लागले. गाडीत ज्वारीचं पोतं होतं, तवा होता, आणि एक नवा माठ. मामा अंगणात उभे राहिले. कसं सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, "बाई, पोरगी आपलं आपण रांधून खाईन. पाणी बी आपलं आपण भरन. तुमाले तरास नाई."

बाबांचा चेहरा बदलला. ज्या गोष्टीवर पाणी सोडून ते नागपूरहून आले होते, तीच आता दारात माठ घेऊन उभी होती. पण आई पुढे झाली. म्हणाली, "ठीक हाय, भाऊ. चूल वेगळी राहू द्या. पण कंदील एकच हाय घरात. अभ्यास दोघीले एका ठिकाणी करा लागन."

मामा गेल्यावर बाबा भडकले. "आपल्याच घरात आता दोन माठ?"

"माठ पोरीनं मांडला का?" आई म्हणाली. "बापानं मांडला. थे कायले मांडन? तिले शाळेत जाऊ द्या आधी. माठाचं पाहू."

ताई मराठी सावकाश बोलायची, एकेक शब्द निवडून. गणित करताना मात्र ओठांतल्या ओठांत तिच्या बोलीत पुटपुटायची, आणि उत्तर माझ्याआधी यायचं. मी त्याच शाळेत, तिच्या मागच्या वर्गात होते. शाळेत तिला 'लमाणी' म्हणून चिडवत. मला काय म्हणत ते सांगत नाही. आम्ही दोघी जाताना-येताना हात धरून चालायचो, इतकं पक्कं की कोणी मधून घुसू नये.

झडीचे दिवस लागले आणि लाकडं ओली झाली. एका सकाळी ताईची चूल पेटेचना. ती फुंकून फुंकून रडकुंडीला आली. शाळेची वेळ झाली. आईनं आपल्या तव्यावरची भाकर आणि अंबाडीची भाजी एका ताटलीत वाढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"खायची असन त खा. नाई त उपाशी जाय. पण शाळा नको बुडवू."

ताई ताटलीकडे पाहत राहिली. मग जेवली. पुढे ऊन पडलं, लाकडं वाळली, तरी तिनं स्वतःची चूल पुन्हा पेटवली नाही.

आता मामांना कसं सांगायचं, हा प्रश्न होता. दर बाजाराच्या दिवशी ते येत. ताई म्हणाली, माझे बाबा आले की मी त्यांच्यापुरती चूल पेटवीन. आईनं साफ नकार दिला. "माह्या घरात खोटं नाई चालत. तू नको सांगू वाटल्यास. इचारलं, त खरं सांगजो."

मामांनी विचारलंच नाही. कदाचित त्यांना कळलं होतं. विचारलं ते ताईच्या याडीनं. बंजारा लोक आईला याडी म्हणतात. एका बाजाराच्या दिवशी ती मामांबरोबर पहिल्यांदाच आमच्याकडे आली. आरशांची चोळी, घेरदार घागरा, कोपरापासून वरपर्यंत बांगड्या. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. आत येताच तिनं कोपऱ्यातल्या थंड चुलीवर हात फिरवला आणि लेकीला काहीतरी विचारलं.

ताई मराठीतच म्हणाली, आम्हालाही कळावं म्हणून, "मी यांच्यात जेवते."

मामा जमिनीकडे पाहत होते. याडीनं लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिचे दंड चाचपले, गाल चाचपले. ताई तांड्यावरून आली त्याहून भरली होती. मग याडी उठली, आमच्या माठात तांब्या बुडवून काढला आणि उभ्यानंच गटागटा प्यायली. तोंड पुसून ती मामांना त्यांच्या बोलीत काहीतरी फाडकन बोलली. ताईला हसू आवरेना.

"काय म्हणते वं?" आईनं विचारलं.

"म्हणते, कोसभर धूळ खात आला, घसा वाळला, आणि बसला पाहुण्यासारखा."

मामा त्या दिवशी प्याले नाहीत. उठून बैलांकडे गेले. पण पुढच्या बाजाराला आले ते ओट्यावर टेकतानाच म्हणाले, "बाई, पाणी द्या थोडं." आईनं दिलं. मामा गेल्यावर मात्र ती मागच्या दारी जाऊन बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या वर्षी आणखी दोघी आल्या. एक उमरखेडच्या बाजूची, आमच्याच धम्मातली. दुसरी महागावकडची, आंध या आदिवासी समाजाची. तिच्या घरचे रानातला डिंक आणि मोह गोळा करत. पुसदला मिस्त्रीच्या घरी मुली ठेवतात, ही बातमी मोटारीबरोबर खेडोपाडी गेली होती. आईनं कुठे जाहिरात केली नव्हती. मामांपासून येणाऱ्या प्रत्येक बापाला ती एकच विचारायची आणि शब्द घ्यायची, "मध्येच काढून त नाई नेणार?"

घर पुरेना. झोपताना एकीनं कूस बदलली की चौघींना बदलावी लागे. मग बाबांनी मागच्या बाजूला खोली बांधायला काढली. दिवसा लोकांचं काम, सुट्टीच्या दिवशी आपलं. मामा परतीच्या गाडीतून टेकडीवरचा दगड आणून टाकत. नदीची वाळू आम्ही मुलींनी वाहिली, डोक्यावर घमेलं, एकामागून एक, भर गावातून. चहाच्या दुकानासमोर बसलेली माणसं बघत राहायची. त्यातल्या एकानं एकदा ओरडून विचारलं, "काहून वं पोरींनो, कायचं बांधकाम काढलं?"

"हायस्कूलच्या मुलींचं घर!" उमरखेडची ओरडली. तिला कोणाचीच भीती नव्हती.

बाबांबरोबर कामाला असलेले मिस्त्री एका रविवारी सगळे आले. कोणत्या जातीचे कोण, मला आता आठवतही नाही. त्यांनी एका दिवसात भिंती खांद्यापर्यंत नेल्या. आईनं झुणका-भाकर केली, आणि सगळे जेवले. बाबांनी त्या खोलीला खिडकी ठेवली ती गावाकडे तोंड करून. "पोरीइले गाव दिसलं पाह्यजे," ते म्हणाले. बाबांनी पुसदात केवढाली घरं बांधली, पण त्या खोलीची भिंत ते पाहुण्यांना हात लावून दाखवत.

ताई अकरावीत गेली त्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी आम्ही शाळेतून आलो तर दारात सरकारी दवाखान्यातली दाई उभी. कुठल्याशा तांड्यावरची बाई बाळंतपणाला आली होती. नवरा तिला सोडून गाडी ठेवायला गेला होता. ती काय सांगते ते कोणाला कळत नव्हतं, आणि डॉक्टर काय सांगतात ते तिला. दाईला आमची ताई माहीत होती.

ताईनं दप्तर माझ्या हातात दिलं आणि तशीच निघाली. मी मागोमाग गेले. मला बाहेर बसवलं. आतून त्या बाईचं किंचाळणं येत होतं, आणि मग ताईचा आवाज, त्यांच्या बोलीत, अगदी हळू. काही वेळानं किंचाळणं थांबलं आणि दोघींचं बोलणं तेवढं ऐकू येऊ लागलं. दिवेलागणीला ताई बाहेर आली. मुलगी झाली होती. घरी येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, "माझा हात सोडत नव्हती गं."

त्याच हिवाळ्यात मामा आले. बाजाराचा दिवस नव्हता. ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले की ताईचं लग्न ठरतं आहे. मुलाकडचे थांबायला तयार नाहीत. परीक्षा चार महिन्यांवर होती.

"भाऊ, तुमी मले शब्द देलता," आई म्हणाली.

"मी देलता, बाई. पण तांडा माह्या एकट्याचा नाई."

ते ताईला घेऊन गेले. गाडी वळणापर्यंत जाईपर्यंत ताईनं मागे वळून पाहिलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघी जेवलो नाही. आईनंही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आईनं तिचं पांढरं लुगडं काढलं, जे ती नागपूरला नेसली होती. मला म्हणाली, "चाल." आम्ही टेकडी चढून पलीकडे उतरलो, सागाच्या रानातून. आई भराभर चालत होती. तांडा दिसला तेव्हा मात्र क्षणभर थांबली. जुन्या गावात ती कोणाच्या अंगणापलीकडे कधी गेली नव्हती. मग पदर नीट केला आणि सरळ तांड्याच्या मधोमध, निंबाखाली गेली.

याडीनं धावत येऊन बाज टाकली. तांड्याचे प्रमुख आले. पांढऱ्या मिशांचे, धिप्पाड म्हातारे होते. आणखी चार-पाच माणसं बसली. बाया मागे उभ्या राहिल्या. मामा कोपऱ्यात. ताई याडीच्या आड.

"बोला, बाई," म्हातारे म्हणाले.

"मी शिकली नाई," आई म्हणाली. "सही येते फक्त, थे बी तुमच्या ह्या पोरीनं शिकवली. पोरगी तुमची हाय. मी मांगाले नाई आली. मी एक गोष्ट सांगाले आली." आणि तिनं त्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. दाई कशी आली, बाई कशी ओरडत होती, ताई कशी गेली. "पुसदचा दवाखाना मोठा होऊन राह्यला. माह्या भाषेत बोलणारी बाई तिथं हाय. तुमच्या भाषेत बोलणारी नाई. तुमची बाई दुखणं घेऊन गेली, त सांगन कोणाले?"

मागून एक म्हातारी बाई एकदम बोलू लागली, हातवारे करत. ताईनं नंतर सांगितलं, की त्या आजीचं पोट दुखत होतं आणि तिला खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकीचं ऐकून दुसरी बोलली. आपल्या नवऱ्याला सांगायलाही लाज वाटते असं दुखणं परक्या माणसाला कसं सांगायचं, असं तिसरी म्हणाली. म्हाताऱ्यांनी हात वर केला तेव्हा कुठे त्या थांबल्या.

म्हाताऱ्यांनी ताईला पुढे बोलावलं आणि विचारलं. काय विचारलं ते कळायला मला भाषा लागली नाही. ताई याडीच्या आडून बाहेर आली. तिनं मान वर करून उत्तर दिलं, आणि मग माझ्या आईकडे पाहून तेच मराठीत म्हणाली, "मला परत जायचं आहे. परीक्षा द्यायची आहे. मग दवाखान्याचं शिकायचं आहे."

म्हाताऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग मामांकडे वळून म्हणाले, आमच्यासाठी मुद्दाम मराठीत, "परीक्षा होऊ दे. पोरगा थांबला त थांबला. नाई त दुसरा पाहू."

पोरगा थांबला नाही. ते लग्न मोडलं. याडीला त्याचं वाईट वाटलं का, मला सांगता येणार नाही. तिनं आम्हाला गूळ-भाकर खाऊ घातली आणि निघताना स्वतःच्या हातानं एक आरशाचं कापड आईच्या खांद्यावर टाकलं. येताना ताई आमच्याबरोबर होती. टेकडीच्या माथ्यावर आलो तेव्हा खाली गाव होतं. कुठेतरी चुन्याचा घाणा फिरत होता, नव्या बांधकामाचे बांबू उभे होते. आई तिथे बसली आणि पहिल्यांदा रडली. ताई म्हणाली, "आई, उठा. अभ्यास आहे." तोवर ती तिला बाई म्हणायची.

निकाल नागपूरच्या वर्तमानपत्रात आला. पेपर मोटारीनं यायचा, म्हणून आम्ही सगळे मोटार स्टँडवर. बाबांनी हातातलं काम टाकलं होतं, हाताला चुना तसाच. मी नंबर शोधला. सापडला. बाबांनी तो कागद घेतला, वाचता येत नव्हतं तरी त्या नंबरावर बोट ठेवून उभे राहिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागले, "आमच्या घरची पोरगी पास झाली." कोणी विचारलं, "मिस्त्री, तुमची?" तर म्हणाले, "मंग? कोणाची?" मामा शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली, "याइचीच हाय."

ताई नागपूरला नर्सचं शिकून आली आणि पुसदच्या दवाखान्यात लागली. पांढऱ्या साडीत ती पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा सगळी गल्ली पुन्हा दारात उभी होती. मी तोपर्यंत शिक्षिका झाले होते. उमरखेडची ग्रामसेविका झाली. महागावकडच्या मुलीचं शिक्षण मॅट्रिकला थांबलं, पण तिनं आपल्या दोन बहिणींना आमच्याकडे आणून सोडलं. बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोर डोंगरातल्या बायांची रांग लागायची, आणि ताईचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. कधी मराठीत, कधी तिच्या बोलीत, आणि रागावली की दोन्हींत.

मग एके वर्षी गावात मुलींसाठी सरकारी वसतिगृह झालं. मोठी इमारत, लोखंडी खाटा, विजेचे दिवे. आमच्याकडच्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. खोली रिकामी झाली. मला वाटलं, आईला वाईट वाटेल. मी सुट्टीत घरी आले, तेव्हा ती घरात नव्हती. दुपारची परतली, पदरानं घाम पुसत. म्हणाली, वसतिगृह पाहून आली. सगळ्या खोल्या पाहिल्या, पाण्याची टाकी पाहिली, कणगीतली ज्वारी हातात घेऊन पाहिली. जेवायची वेळ होती, तर मुलींच्या पंगतीला बसून वरण चाखलं.

"मग? कसं आहे?" मी विचारलं.

"मीठ कमी हाय," आई म्हणाली. "बाकी आपल्यापेक्षा चांगलं हाय. सांगून आली मी त्याइले, उद्या पुन्हा येतो म्हणून."